पुराची होडी कार्तिकात तयार होते

श्रावणातली एक सकाळ मला अजून स्वच्छ आठवते. बरगी धरणाचे दरवाजे उघडल्याची सूचना आदल्या संध्याकाळी आली होती. ग्वारीघाटाच्या पायऱ्या एकेक करत पाण्याखाली जात होत्या आणि आमची होडी काठाला बांधलेली होती. इंजिनाची दोरी आधी मी ओढली, मग माझ्या पुतण्यानं, मग घाटावरच्या एका तरण्या नावाड्यानं. चाळीसेक वेळा तरी ओढली असेल. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. पलीकडे अडकलेल्या दोघांना शेवटी वल्ह्यांच्या नावेनं आणलं. ती दोघं सुखरूप आली, पण मधला तो पाऊण तास आमच्यापैकी कुणीच विसरलेलं नाही.

इंजिनात काही बिघाड नव्हता. चूक आमची होती आणि ती श्रावणातली नव्हती, त्याच्या आदल्या कार्तिकातली होती. हंगाम संपल्यावर होडी घरी आणली, टाकीत उरलेलं पेट्रोल तसंच ठेवलं, वर ताडपत्री घट्ट आवळली आणि दिवाळीच्या कामाला लागलो. पुढचे आठ महिने तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आम्ही जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात राहतो. जुन्या शहरातला अरुंद गल्ल्यांचा मोहल्ला, नदीपासून लांब. विसर्जनाच्या दिवसांत आणि पुराच्या वेळी घाटावर मदतीला असावी म्हणून चार मित्रांनी मिळून बारा फुटांची फायबरची होडी आणि आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन घेतलं. पावसाळ्यात ती घाटावर असते. कार्तिक लागला की पहाटे, गल्लीत स्कूटर आणि भाजीच्या गाड्या यायच्या आत, तिला ट्रेलरवरून आणून आमच्या घराच्या पडवीत ठेवतो. ज्येष्ठापर्यंत तिचा मुक्काम तिथेच.

हा लेख अशाच होड्या सांभाळणाऱ्यांसाठी आहे. कृष्णा, पंचगंगा, वाशिष्ठी, नर्मदा या नद्यांच्या काठी अशा होड्या आज पुष्कळ आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली होडी उलटली आणि अनेक जीव गेले. पुढे २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. पुरात होडी हाताशी असणं म्हणजे काय, हे त्या त्या गावांना सांगायला नको. पण ती होडी वर्षाचे आठ-नऊ महिने शाळेच्या खोलीत, समाजमंदिराच्या मागे किंवा कुणाच्या गोठ्यात पडून असते. पुरात ती चालणार की नाही, हे त्या आठ-नऊ महिन्यांत ठरतं.

इंजिनाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत हिवाळ्यासाठी एक प्रकरण असतं. ते जरूर वाचा, पण ते बर्फाच्या देशांसाठी लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवा. तिथली मुख्य भीती अशी की इंजिनात राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि धातू तडकतो. जबलपूरला पौषात पारा कधी कधी पाच अंशांच्या आसपास उतरतो, पण पाणी गोठत नाही. त्यामुळे गोठणरोधक द्रव वगैरे आपल्याला लागत नाही. आपली अडचण वेगळी आहे. आपली होडी एकच ऋतू नाही, तीन ऋतू काढते. कार्तिक-मार्गशीर्षात दिवसा ऊन आणि रात्री गारवा, त्यामुळे अर्धवट भरलेल्या टाकीच्या आत दव धरतं. मग कधी अवकाळी मावठा. मग वैशाखाची लू, तिच्यात रबर कडक होऊन चिरतं. आणि शेवटी मृगाच्या आधीची दमट, कोंदट हवा. एवढ्या मुक्कामात इंजिनाला मारतं ते आत राहिलेलं पाणी, शिळं पेट्रोल आणि कोंडलेली हवा. ही तिन्ही काढली की काम झालं.

सुरुवात इंजिन शेवटचं चालवण्यापासून करा, आणि ते घरात नको. पडवी, गॅरेज, शाळेची खोली, अशा बंद जागी इंजिन चालवलं तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळायच्या आत बेशुद्ध करतो. अंगणात किंवा मोकळ्या मैदानात दोनशे लिटरचं पिंप ठेवा, इंजिन भक्कम चौकटीवर लावा आणि खालचा भाग पिंपातल्या स्वच्छ पाण्यात बुडवा. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिच्यावर निदान चार बोटं पाणी हवं. त्याआधी पंखा काढून ठेवा, म्हणजे फिरता पंखा कुणाच्या हाताला लागायचा प्रश्नच उरणार नाही. न्यूट्रलमध्ये, मंद गतीवर दहा मिनिटं चालवा. पाणी तापलं तर बदला. इंजिनाच्या पाठीमागून पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे, थंड करणारं पाणी आत फिरत असल्याची ती खूण. धार नसेल तर ताबडतोब बंद करा. कोरडं इंजिन अर्धं मिनिट चाललं तरी पंपातलं रबरी चक्र जळायला लागतं.

खाडीत किंवा समुद्रात चालवलेल्या इंजिनाला ही आंघोळ अत्यावश्यक, कारण आतल्या नळ्यांत मीठ साचतं. कोकणातल्या मच्छीमारांना हे मी सांगावं असं नाही. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीआधी ते हेच सगळं मे महिन्यात करतात. आपल्या नद्यांचं पाणी गोडं असलं तरी पुराचं पाणी गाळानं भरलेलं असतं. तो बारीक गाळ पंपात बसतो आणि वाळून घट्ट होतो. तेव्हा गोड्या पाण्यातल्या इंजिनालाही आंघोळ चुकवू नका.

आता पेट्रोल. या एका गोष्टीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमचा पाऊण तास तिनंच खाल्ला.

पेट्रोल नुसतं ठेवलं तरी बदलतं. त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा पिवळसर चिकटा उरतो. कार्ब्युरेटरमधल्या जेटची छिद्रं केसाएवढी बारीक, ती या चिकट्यानं बुजतात. त्यात आता इथेनॉल आलं. २०२५ पासून देशभर पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. ओलावा एका मर्यादेबाहेर गेला की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टाकीतली ओढनळी नेमकी तळापर्यंत गेलेली असते. म्हणजे पुढच्या हंगामात इंजिनाच्या तोंडी पहिला घोट जातो तो या तळच्या पाण्याचा. आम्ही आमच्या टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून उन्हाशी धरलं तेव्हा खाली बोटभर धुरकट थर स्वच्छ वेगळा दिसला. मग दोरी ओढून ओढून हात का भरून आले, ते कळलं.

शिवाय जुन्या इंजिनांच्या पुस्तिकेत इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. तुमची पुस्तिका पाहा. अशा इंजिनांचं रबर, म्हणजे पेट्रोलची नळी आणि मधला दाबायचा फुगा, लवकर फुगतं किंवा चिकट होतं. फुगा दाबून पाहा. बोटाला काळं लागलं किंवा तो दाबल्यावर परत वर आला नाही, तर तो आत्ताच बदला. जूनमध्ये दुकानदाराकडे नसतो.

टाकी सुटी असेल तर ती पूर्ण रिकामी करा. काही जण टाकी काठोकाठ भरून वर पेट्रोल टिकवणारं द्रव्य घालतात. परदेशात होडीच्या पोटातच बसवलेल्या मोठ्या टाक्यांसाठी ते ठीक. आपल्याकडे बारा-चोवीस लिटरची सुटी टाकी असते. तिच्यात भरलेलं पेट्रोल घरात आठ महिने ठेवणं, आणि तेही दीक्षितपुऱ्यासारख्या भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत, हा शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानं विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवायला मुभा दिली आहे, तीही घट्ट झाकणाच्या भांड्यात. पण कायद्याची मुभा आहे म्हणून पडवीत ठेवावं असं नाही.

काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. फोर-स्ट्रोकचं, चार-दोन आठवड्यांचं ताजं असेल तर बारीक जाळीतून गाळून स्कूटरमध्ये थोडं थोडं संपवा. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं असतं, ते आजच्या स्कूटरला चालत नाही. ते घाटावरच्या एखाद्या नावाड्याला द्या, त्याचं इंजिन दोन दिवसांत ते पिऊन टाकेल. आणि हे काम धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत तर बिलकुल करू नका. गल्लीत फटाके वाजत असतात, दारात पणत्या असतात, आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरपटत कुठल्या कुठे जाते. आम्ही त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा रविवार धरतो. दुपारी, उघड्यावर, मुलांना लांब ठेवून.

टाकी रिकामी झाली तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल असतंच, आणि घात तेच करतं. पिंपात इंजिन चालू असतानाच पेट्रोलची नळी इंजिनापासून सोडवा. ते मिनिट-दोन मिनिटांत आतलं पेट्रोल संपवून आपोआप बंद पडेल. टू-स्ट्रोकला तेलही पेट्रोलमधूनच मिळत असल्यामुळे इंजिन मरता मरता कोरडं पडतं. म्हणून गती डगमगायला लागली की कार्ब्युरेटरच्या तोंडात थोडं तेल फवारायची पद्धत आहे. त्यासाठीचा खास फवारा बाजारात मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर पुढे सांगतो त्या युक्तीनं भागतं. इंजिन बंद झाल्यावरही वाटीखालचा छोटा स्क्रू सैल करून उरलेले थेंब स्टीलच्या वाटीत उतरवा. तीन-चार चमचे निघतात, आणि त्यात पाण्याचे मणी फिरताना दिसले तर नवल नाही. ज्यांच्या इंजिनाला कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनची पद्धत आहे, त्यांनी असं कोरडं चालवू नये. त्यांना पुस्तिकेतलीच रीत पाळावी लागेल.

आता सिलिंडर. सुरक्षेची लाल दोरी आणि तिची क्लिप काढून खिशात टाका, म्हणजे इंजिन चुकून सुरू व्हायचं नाही. प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये छोटा चमचाभर टू-स्ट्रोकचं तेल सोडा, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं ते. मोटारसायकलचं तेल वेगळं, त्यावर भागवू नका. भोकावर फडकं धरून दोरी सावकाश आठ-दहा वेळा ओढा, की तेल भिंतींना लागेल. प्लग तपासून हातानं बसवा. टोक फारच काळं किंवा झिजलेलं असेल तर नवीन आणून डब्यातच ठेवा, जूनमध्ये लावा. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिन गरम आहे तोवर इंजिन ऑइल बदलून टाका. वापरलेल्या तेलात आम्ल तयार झालेलं असतं, ते बेअरिंगशी आठ महिने ठेवायचं नसतं.

पुढचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी करा, आणि घाई करू नका. इंजिन रात्रभर उभं राहू द्या. सकाळी तासभर उन्हात ठेवा, थंडीनं घट्ट झालेलं गिअरचं तेल मोकळं होतं. खाली पसरट भांडं ठेवून खालच्या गिअरच्या डब्याचा तळचा स्क्रू काढा, मग वरचा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून आत पाणी असेल तर ते आधी येतं. चांगलं तेल मधासारखं, नाही तर काळपट, पण पारदर्शक येतं. ते ताक घातल्यासारखं पांढुरकं आलं, तर समजा की कुठलंतरी सील गेलंय आणि नदी आत शिरलीय. बर्फाच्या देशात हे पाणी गोठून डबा फोडतं. आपल्याकडे ते शांतपणे बेअरिंग आणि दाते गंजवत बसतं, आणि पत्ता लागतो तो भर प्रवाहात गिअर सुटतो तेव्हा. तळच्या स्क्रूच्या टोकाला बहुतेक वेळा लोहचुंबक असतं. त्यावर राखेसारखी पूड चालते, पण चकचकीत कण किंवा तुकडे चालत नाहीत.

नवीन तेल खालच्या भोकातून वर भरायचं असतं, वरून ओतून नाही. वरून ओतलं तर हवा आत अडकते आणि डबा अर्धाच भरतो. तेलाची नळी खालच्या भोकाला लावून दाबत राहा. वरच्या भोकातून तेल बुडबुड्यांशिवाय बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून चटकन खालचा. दोन्हींच्या वॉशर नव्या घाला. कोणतं तेल, ते पुस्तिकेत दिलेलं असतं, गॅरेजवाल्यानं हाताला लागलेलं दिलं म्हणून घालू नका.

सील का जातं, याचं आमच्या घाटावरचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पंखा काढल्यावर त्याच्या मागे दांड्याला काय गुंडाळलंय ते बघा. आमच्या दांड्यावर एकदा लाल चुनरीच्या चिंध्या, हाराचा दोरा आणि गळाची नायलॉनची तार यांची इतकी घट्ट गुंडाळी होती की ती चाकूनं कापून काढावी लागली. माणसं भक्तीनं नर्मदामाईला चुनरी वाहतात, आणि ती पाण्याखाली पंख्याला जाऊन मिळते. नायलॉनची तार फिरता फिरता सीलची कड करवतीसारखी कापते. तिथून पाणी आत शिरतं. वाशिष्ठीला जाळ्याचे तुकडे निघतील, कृष्णेला उसाची पाचटं आणि प्लॅस्टिक. काय निघतं याला महत्त्व नाही, पंखा दर हंगामाला काढलाच पाहिजे. दांडा पुसून त्याला जलरोधक ग्रीस लावा. पंख्याच्या पात्यांच्या कडा पाहा. धरणाच्या जलाशयात बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात, त्यांच्यावर आपटून पातं वाकलं असेल तर आत्ता ठोकून घ्या. कॉटर पिन नवी घाला, आणि शिअर पिनवालं इंजिन असेल तर दोन जादा पिना इंजिनालाच टेपनं चिकटवून ठेवा. मध्यधारेत त्याच लागतात.

पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र दर हंगामाआड बदलावं असं माझं मत आहे, मग ते बरं दिसो वा न दिसो. गाळाच्या पाण्यात त्याची पाती झिजतात आणि महिनोन्‌महिने एकाच बाजूला वाकून राहिली की तशीच कडक होतात. गावच्या होडीचं हे चक्र आणि पेट्रोलचा फुगा, या दोन वस्तूंचा एकेक जोड कायम कपाटात असावा. पंचायतीच्या बैठकीत होडीसाठी काय घ्यायचं असं विचारलं तर आधी हे सांगा, रंगाचं नंतर.

बाकी इंजिनाला वेळ कमी लागतो. वळवायचा सांधा, पकडीचे स्क्रू, वर उचलायची खिटी यांना ग्रीस. वरचं झाकण काढून आतल्या धातूवर पातळ तेलाचा फवारा. मग इंजिन होडीवरून काढा. आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक २५ ते ३० किलोचं, दोघांनी उचलावं. लाकडी चौकटीवर उभं ठेवा, म्हणजे आतलं पाणी खाली गळून जाईल. आडवं ठेवावंच लागलं तर पुस्तिकेत सांगितलेल्या कुशीवर आणि डोकं पंख्यापेक्षा उंच. डोकं खाली गेलं तर खालचं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. फोर-स्ट्रोक चुकीच्या कुशीवर ठेवलं तर तेल नको तिथे जातं.

ज्यांच्या इंजिनाला बॅटरी आहे त्यांनी ती काढून घरात ठेवावी. आधी ऋण टोक सोडवा, मग धन. टोकं घासून पेट्रोलियम जेली लावा, पूर्ण चार्ज करा. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. दर महिन्याला मोजा, १२.४ च्या खाली उतरली तर पुन्हा चार्ज. वैशाखात ती अधिक वेगानं उतरते. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते असं आमच्याकडे सगळे म्हणतात. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याच्या बॅटरीला तसं काही होत नाही, पण फळीवर ठेवा, कारण फरशी पुसताना ओली होते.

होडीच्या तळाचं बूच काढा आणि पडवीच्या दारावर टांगा, दिसेल असं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, थोडी उंच ठेवा की मावठ्याचं पाणी आत आलं तरी मागच्या भोकातून निघून जाईल. तळाचा गाळ आणि शेवाळ ओलं असतानाच ब्रशनं काढा, वाळल्यावर तासावं लागतं. मग ज्या फळीवर इंजिन बसतं ती बोटाच्या पेरांनी ठोकून पाहा. फायबरच्या पुष्कळ होड्यांत त्या जागी आत लाकूड असतं. टणक आवाज आला तर ठीक. कुठे बद्द आवाज आला, तर स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून लाकूड कुजायला लागलंय. हे आत्ताच कारागिराला दाखवा, पुराच्या धारेत ती फळी इंजिनासकट सुटू शकते. होडी दगड-विटांवर टेकवू नका. जुन्या टायरवर किंवा चटया घातलेल्या फळ्यांवर ठेवा, भार दोन-तीन जागी वाटून. ट्रेलरवरच राहणार असेल तर चाकांच्या पुढे-मागे ठोकळे द्या.

हवेची रबरी होडी असेल तर गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, घड्यांना शंखजिऱ्याची पूड लावा आणि सैल गुंडाळून माळ्यावर ठेवा, किंवा थोडी हवा भरून टांगून ठेवा. कडक घडी पडली की तिथेच चीर जाते. उंदीर रबर कुरतडतात, तेव्हा धान्याच्या खोलीत ही होडी मुळीच नको.

ताडपत्रीची चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. घट्ट आवळलेल्या ताडपत्रीखाली ओल कोंडते, आणि वैशाखापर्यंत आत बुरशीचा काळा थर येतो. मधे बांबूची आडवी काठी टाकून ताडपत्री तंबूसारखी घाला, दोन्ही टोकं हवेला मोकळी. जीवरक्षक जाकिटं होडीत टाकून ठेवू नका. धुऊन सावलीत वाळवून खुंटीला टांगा, एकेकाचे पट्टे आणि बकल ओढून पाहा. फाटलेलं जाकीट चालेल म्हणून ठेवून दिलं जातं आणि नेमकं तेच लहान मुलाच्या अंगात जातं. ते आत्ताच बाजूला काढा.

एक पाहुणी मात्र ताडपत्रीनं थांबत नाही. तिची गोष्ट सांगतो, कारण ती कुठल्या पुस्तिकेत नाही. एका ज्येष्ठात आम्ही सगळं नीट केलं होतं. इंजिन चौथ्या दोरीला लागलं, पण पाठीमागून पाण्याची धार काही पडेना. पंप नवा, पाणी भरपूर. इंजिन लगेच बंद केलं. पुतण्यानं वाकून धारेच्या भोकात पाहिलं तर आत सुकलेली माती. कुंभारमाशीनं तिथे घर केलं होतं. बारीक तारेनं उकरलं तेव्हा मातीच्या चिमुकल्या कोठडीतून सुकलेले कोळी पडले. पिलांसाठी तिनं बेगमी करून ठेवली होती. फाल्गुनापासून या माश्या पडवीतली प्रत्येक नळी, प्रत्येक भोक शोधत फिरतात. तेव्हा आता आम्ही धारेचं भोक, पाणी आत घेणाऱ्या खिडक्या आणि टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र यांवर रंगीत टेप लावतो. रंगीत अशासाठी की काढायची राहू नये. उंदरांसाठी इंजिनाच्या झाकणात मलमलच्या पुरचुंडीत डांबरगोळ्या.

गावच्या होडीला धनी अनेक असतात, म्हणजे बहुधा एकही नसतो. म्हणून इंजिनाला एक जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा. तारीख, कोणतं तेल घातलं, काय बदललं, काय बदलायचं राहिलं, बूच कुठे टांगलंय, टेप किती जागी लावलीय, आणि किल्ली कुणाकडे आहे त्या दोघांची नावं. एकच माणूस नको, तो नेमका त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो. नोंदणीचे कागदही याच दिवसांत पाहून घ्या. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ मध्ये नवा झाला, इंजिनावर चालणाऱ्या होडीची नोंद त्याखाली असावी लागते. होडीच्या आतल्या बाजूला किती माणसं बसतील तो आकडा रंगानं मोठा लिहा. ब्रह्मनाळनंतर तो आकडा नसलेली होडी पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. पुराच्या वेळी नाही म्हणणं फार कठीण असतं, आकडा लिहिलेला असला की नावाड्याला बोट दाखवता येतं.

महिन्यातून एकदा, आम्ही अमावास्या धरली आहे, ताडपत्री वर करून दहा मिनिटं बघा. लाल दोरीची क्लिप काढलेलीच ठेवून स्टार्टरची दोरी सावकाश दोनदा ओढा, आतले भाग एका जागी चिकटत नाहीत. पंपाचं रबर कोरडं असतं, म्हणून जोरात नाही.

आणि मग नवतपा. ज्येष्ठाच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, मृगाच्या आधी, इंजिन पुन्हा अंगणात काढा. चिठ्ठी वाचत वाचत काम करा. सगळ्या टेपा मोजून काढा, डांबरगोळ्या काढा, प्लग पान्यानं आवळा, नळ्या वाकवून चिरा बघा. पेट्रोल त्याच दिवशी आणलेलं, टू-स्ट्रोक असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात तेल मिसळून. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली. पिंपात पाणी भरा. फुगा टणक होईपर्यंत दाबा. कार्ब्युरेटर रिकामा होता, तेव्हा पहिल्या दोरीला लागणार नाही, तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दोरीला लागलं पाहिजे. सुरुवातीला निळसर धूर येईल, तो सिलिंडरमधल्या तेलाचा, घाबरू नका. दहाव्या दोरीलाही लागलं नाही तर अजून पंधरा-वीस दिवस हातात आहेत, मिस्त्रीला आजच बोलवा. लागलं, की मागे जाऊन धार पाहा. धार पडत असेल तर दहा मिनिटं चालू द्या, मग पंखा बसवा, बूच लावा, चिठ्ठी सोडवून वहीत ठेवा आणि होडी घाटावर न्या.